कुणालाच नको असलेली इटालियन स्पोर्ट बाईक घ्यावी का? मी कसं ठरवलं

मी बघायला गेलेल्या तिसऱ्या गाडीच्या मालकाने वरचं कापड बाजूला केलं आणि मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "ताई, हेडलाइट बघून नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. आतापर्यंत आलेले सगळे तेच म्हणून परत गेलेत." समोर २००५ सालची डुकाटी ९९९ उभी होती. एकाखाली एक असे दोन उभे दिवे, सीटखाली एकच जाडजूड सायलेन्सर, बाजूने कापल्यासारखं फेअरिंग, म्हणजे बाहेरचं कवच. मी हेडलाइट बघून नाही म्हटलं नाही. पण हो म्हणायलाही मला पुढचे पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी काय तपासलं आणि कशाला किती वजन दिलं, ते इथे लिहिते आहे.

सेकंडहँड, इटालियन, स्पोर्ट आणि नावडती. या चार शब्दांपैकी पहिले तीन खर्च वाढवतात. चौथा तेवढा किंमत कमी करतो. म्हणून सगळ्यात आधी चौथ्या शब्दाची चौकशी करायची.

नावडती आहे, पण कशामुळे?

लोक एखाद्या गाडीकडे पाठ फिरवतात त्याची कारणं माझ्या मते तीन प्रकारची असतात, आणि ती एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत.

पहिला प्रकार दिसण्याचा. ९९९ याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. १९९४ मध्ये मास्सिमो तांबुरिनी यांनी रेखाटलेली ९१६ आली आणि स्पोर्ट बाईक कशी दिसावी हे जणू तिथेच ठरून गेलं. आडवे दोन दिवे, एकाच बाजूने चाक धरणारा स्विंगआर्म. तीच गाडी पुढे ९९६ झाली, ९९८ झाली. मग २००३ च्या मॉडेलसाठी पिएर टेरब्लांश यांनी ९९९ आणि तिची धाकटी बहीण ७४९ आणली. दिवे उभे झाले, स्विंगआर्म दोन्ही बाजूंनी धरणारा झाला, आणि ९१६ वर जीव टाकणाऱ्यांना ते आजतागायत सहन झालेलं नाही. पण आत काय होतं बघा. साध्या ९९९ मधलं इंजिन आधीच्या ९९८ च्याच घराण्यातलं होतं, डुकाटी त्याला टेस्टास्ट्रेटा म्हणते. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, १०० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ६३.५ मिलिमीटर. जागतिक सुपरबाईक स्पर्धेत या गाडीवर २००३ मध्ये नील हॉजसन, २००४ मध्ये जेम्स टोसलँड आणि २००६ मध्ये ट्रॉय बेलिस जगज्जेते झाले. आणि २००७ साठी जी १०९८ आली तिच्यात आडवे दिवे आणि एकबाजूचा स्विंगआर्म दोन्ही परत आले, म्हणजे गिऱ्हाइकांची तक्रार कशाबद्दल होती हे कारखान्यानेच मान्य केलं. तक्रार चेहऱ्याची होती, धातूची नव्हती. अशा गाडीची किंमत पडते तेव्हा तुम्हाला खरोखर काहीतरी मिळत असतं.

दुसरा प्रकार अडचणीचा. गाडी चांगली आहे, पण तिच्यात अशी एखादी गोष्ट आहे जी आज निभावणं कठीण आहे. १९८६ ची डुकाटी ७५० पासो घ्या. तीही तांबुरिनींचीच, शर्यतपटू रेन्झो पासोलिनीच्या नावाने काढलेली, इंजिन पूर्ण झाकलेली देखणी गाडी. पण तिची दोन्ही चाकं १६ इंची आहेत. स्पोर्ट टायरचं जग केव्हाच १७ इंचावर गेलं, त्यामुळे १६ इंची चांगल्या टायरची जोडी शोधणं हेच एक काम होऊन बसतं. त्यात मोटारीच्या धाटणीचा वेबर कार्ब्युरेटर. तिची पुढची आवृत्ती ९०७ आय.ई. मात्र १७ इंची चाकं आणि फ्युएल इंजेक्शन घेऊन आली. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, त्या घरातली घ्यायची तर ९०७ घ्या.

तिसरा प्रकार खऱ्या दोषाचा. बिमोटा या इटालियन कंपनीने १९९७ मध्ये ५०० व्ही-ड्यूए काढली, ५०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची यंत्रणा. कल्पना धाडसी होती, पण ते इंजेक्शन रस्त्यावर नीट चाललंच नाही. गाड्या परत घ्याव्या लागल्या आणि त्या धक्क्यातून ती जुनी कंपनी सावरली नाही. अशी गाडी संग्रहात ठेवायला घ्यावी. चालवायला घ्यायची असेल तर आधी यंत्रणा बदललेली आहे का ते बघावं, आणि नसेल तर सोडून द्यावी.

तुमच्या मनातली गाडी कुठल्या प्रकारात बसते ते एका वाक्यात लिहून बघा. "ही नावडती आहे कारण…" ते वाक्य पूर्ण करता आलं नाही, तर अजून पुरेसं वाचन झालेलं नाही, पैसे काढायची वेळ आलेली नाही. एक सावधगिरी सांगते. विकणारा नेहमी पहिला प्रकार सांगतो. "लोकांना डिझाइन कळलं नाही हो." ते खरं असू शकतं, आणि त्याच गाडीत तिसऱ्या प्रकारचं काहीतरी दडलेलंही असू शकतं.

स्वस्त झालेल्या महाग गाडीचं काय होतं

हा भाग मी सगळ्यात सावकाश लिहिते आहे, कारण इथेच मी एकदा पूर्ण फसले आहे.

९९९ च्या आधी, बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक दुसरी दोन सिलिंडरची गाडी घेतली होती. तिचं नाव सांगत नाही, कारण दोष बनवणाऱ्याचा नव्हता. तिचं टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचं-मिटायचं काम, साखळीवर नव्हे, रबरी बेल्टवर चालायचं. गाडी चकाचक होती, रनिंग कमी होतं. बेल्ट शेवटचे कधी बदलले, हा प्रश्न मी विचारलाच नाही. रनिंग कमी म्हणजे बेल्टही नवे, असं मी धरून चालले. तिसऱ्या आठवड्यात चढावर इंजिनातून एक टक्क असा आवाज आला आणि मागचं चाक क्षणभर घसटलं. बेल्टचे दात गळाले होते. व्हॉल्व्ह उघडा राहिला, पिस्टन वर आला आणि दोघांची गाठ पडली. इंजिन खोललं तेव्हा माझे मेकॅनिक काका वाकडा झालेला व्हॉल्व्ह माझ्या हातात ठेवून एवढंच म्हणाले, "रबर किलोमीटर मोजत नाही गं. वर्षं मोजतं." ती गाडी मी सुट्या भागांच्या भावाने विकली.

नावडत्या गाडीला हेच होतं. ती नवी असताना ज्याने घेतली, त्याला तिची सर्व्हिस परवडत होती. मग किंमत पडली. दुसऱ्या मालकाने ती घेतली कारण ती स्वस्त मिळाली. तिसऱ्याने तर आणखी स्वस्त घेतली. पण गाडीची किंमत पडते तशी सर्व्हिसची पडत नाही. बेल्ट तितक्याच पैशांचा, व्हॉल्व्ह तपासायला माणसाचे तास तितकेच. मग तिसरा मालक काय करतो? तेल बदलतो, पुसतो, चालवतो. बाकीचं पुढच्यावर टाकतो. तो पुढचा म्हणजे तुम्ही.

डुकाटीच्या बाबतीत तर हे नीट समजून घ्यायलाच हवं. बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह मिटायचं काम स्प्रिंग करते. डुकाटीच्या डेस्मो पद्धतीत स्प्रिंगच्या जागी दुसरा एक रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा छोटा दांडा असतो, तो व्हॉल्व्हला ओढून मिटवतो. फाबिओ तालिओनी यांनी ही पद्धत १९५६ मध्ये डुकाटीच्या १२५ सीसी शर्यतीच्या गाडीवर आणली आणि ते कारखान्याचं कूळच होऊन गेलं. सुंदर काम आहे. पण त्यामुळे प्रत्येक व्हॉल्व्हला एक उघडण्याची फट आणि एक मिटण्याची फट असते. ९९९ ला ८ व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे १६ फटी मोजायच्या, आणि एखादी चुकली तर त्या जागेची शिम, म्हणजे फट ठरवणारा छोटा तुकडा, बदलायची. टाकी, हवेचा डबा, फेअरिंग सगळं उतरवून. हे काम या पिढीच्या गाडीला दर १०,००० किलोमीटरला तपासायचं असतं. बेल्ट २०,००० किलोमीटर किंवा २ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा.

म्हणून माझा नियम असा झाला: रनिंग जास्त पण नोंदी पूर्ण असलेली गाडी, ही रनिंग कमी आणि नोंदी नसलेल्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली. दहा वर्षांत ६,००० किलोमीटर चाललेली गाडी नशीबवान नसते. तिचे सील सुकलेले असतात, पेट्रोल टाकीत कुजलेलं असतं, ब्रेकच्या ऑइलने पाणी ओढलेलं असतं.

जाण्याआधी फोनवर

फोनवर मी चारच गोष्टी विचारते आणि उत्तराइतकंच उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळाकडे लक्ष देते. बेल्ट कधी बदलले आणि त्याची पावती आहे का. व्हॉल्व्हच्या फटी शेवटच्या कुणी मोजल्या आणि मोजलेले आकडे कुठे लिहिले आहेत का. तुमच्याकडे गाडी किती दिवस आहे. आणि लाल चावी आहे का.

लाल चावीबद्दल थोडं सविस्तर सांगते. या काळातल्या इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या डुकाटीबरोबर कारखान्यातून एक लाल चावी, दोन काळ्या चाव्या आणि एक कोड कार्ड यायचं. रोजच्या वापराला काळी चावी. लाल चावी आणि कार्ड नवी चावी ओळखवायला किंवा अडचणीत गाडी सुरू करायला. लाल चावी हरवलेली असेल तर व्यवहार मोडायचं कारण नाही, पण किंमत कमी करायचं पक्कं कारण आहे. आणि ज्याने पंधरा-वीस वर्षं ती चावी जपून ठेवली, त्याने बेल्टही बदलले असण्याचा संभव मोठा. मी पाहिलेल्या दुसऱ्या गाडीचा मालक म्हणाला, "कसली लाल चावी?" तो ती गाडी दोन वर्षं चालवत होता. त्या गाडीबद्दल मला जे कळायचं ते तिथेच कळलं.

फोन ठेवताना एक विनंती करते: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.

गाडीसमोर उभं राहिल्यावर

पहिलं काम, इंजिनाला हात लावून बघायचं. ते गार हवं. कोमट असेल तर मी स्पष्ट विचारते, आणि उत्तर पटलं नाही तर चहा नको म्हणून निघते. गार इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं.

सेल्फ मारायच्या आधी मल्टिमीटर बॅटरीला लावते. बंद गाडीत १२.५ व्होल्टच्या आसपास मिळायला हवं. सुरू केल्यावर रेस ३,००० ते ४,००० वर धरली की १३.५ ते १४.५. तेरावर अडकलं तर चार्जिंग होत नाही, पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर बॅटरीला जाळतो आहे. जुन्या इटालियन गाड्यांत रेग्युलेटर आणि त्याच्या प्लगच्या जोडण्या या नेहमीच्या दुखण्याच्या जागा आहेत. प्लग उघडून प्लास्टिक तपकिरी झालंय का ते बघा. हा दोष स्वस्तात दुरुस्त होतो, म्हणून तो दिसला तर घाबरायचं नाही, फक्त लिहून ठेवायचं. ९९९ मध्ये मीटर आणि इंजिनाचा मेंदू यांच्यात कॅन वायरिंग आहे, थोड्या तारांवरून सगळे निरोप जातात. त्यामुळे कुणी मध्येच तार कापून अलार्म किंवा दिवे जोडले असतील तर मला ते दुरुस्त केलेल्या अपघातापेक्षा जास्त खटकतं. सीट काढून चिकटपट्टीने गुंडाळलेल्या तारा शोधा.

मग क्लच. या गाडीला कोरडा क्लच आहे, प्लेटी तेलात बुडालेल्या नसतात. लिव्हर दाबली की पत्र्याच्या डब्यात नाणी हलवल्यासारखा खळखळाट होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, इंजिन गेलं. तो आवाज तिचा स्वभाव आहे. बघायचं ते वेगळं: गाडी जागेवरून सुटताना झटके देते का, चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही असं होतं का. झटके म्हणजे क्लचच्या बास्केटला, प्लेटी धरून ठेवणाऱ्या डब्याला, खाचा पडल्या असण्याची शक्यता. शिवाय डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटजवळ (साखळीच्या दातेरी चाकाजवळ) क्लचचा स्लेव्ह सिलिंडर असतो, तो लिव्हरचा दाब क्लचपर्यंत पोचवतो. त्याच्याखाली बोट फिरवा. ओलं लागलं आणि लिव्हर मऊ लागली, तर सील गेलेलं आहे.

इंजिनाचं तेल नुकतंच बदललेलं असेल तर मला आनंद होत नाही. जुनं तेल बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. विकणारा तयार असेल तर चुंबक असलेला ड्रेन प्लग काढून बघावा. चुंबकावर राखाडी मलमासारखा थर चालतो. चमकणाऱ्या चकत्या चालत नाहीत. डुकाटीच्या चार व्हॉल्व्ह इंजिनांच्या जुन्या पिढ्यांत रॉकरवरचा कठीण मुलामा सोलवटायचा, आणि ते दुखणं वरून दिसत नाही, तेलातूनच कळतं. मी तिसऱ्या गाडीच्या मालकाला हे विचारलं तेव्हा तो स्वतः पान्हा घेऊन आला, खाली जुनं भांडं ठेवलं आणि प्लग काढून माझ्या हातात दिला. चुंबकावर बोटाने पुसता येईल इतका बारीक राखाडी लेप होता. त्या क्षणी माझा निर्णय निम्मा झाला होता, पण मी तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

टाकी हाताने चाचपा. ९९९ ची टाकी प्लास्टिकची आहे. त्या काळातल्या अशा बऱ्याच टाक्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने फुगतात, आणि फुगलेली टाकी आपल्या जागी बसत नाही. टाकी आणि चौकटीमधलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं आहे का ते बघायचं.

पडलेली गाडी ओळखायला फेअरिंग बघू नका, ते नवं बसवता येतं. हँडल पूर्ण वळवून दोन्ही टोकांना जे थांबे असतात ते बघा. जोरात पडलेल्या गाडीचे थांबे चेपलेले असतात. फुटरेस्टची टोकं, हँडलची टोकं, लिव्हरची गोळी, सायलेन्सरचं कडेचं टोक. एका बाजूला सगळंच नवं आणि दुसऱ्या बाजूला सगळंच जुनं असेल तर उत्तर मिळालं. ब्रेकच्या नटबोल्टना बारीक भोकं पाडलेली दिसली, तर गाडी ट्रॅकवर चाललेली आहे. तार बांधायला ती भोकं पाडतात. ट्रॅकवर चाललेली गाडी वाईट असतेच असं नाही. तिची तेलं बहुधा वेळेवर बदललेली असतात. पण ती गोष्ट मालकाने आपणहून सांगायला हवी होती.

टायरवरचे चार आकडे वाचा. १८२१ म्हणजे २०२१ सालचा अठरावा आठवडा. भरपूर खाचा शिल्लक असलेला दहा वर्षांचा टायर हा कचराच आहे, त्याचे पैसे किमतीतून वजा करा. फोर्कच्या नळीवर तेलाचं कडं, पुढचं चाक उचलून हँडल सरळ करताना मधोमध लागणारी खाच, साखळीचा ताण एका ठिकाणी सैल आणि दुसरीकडे घट्ट, हे सगळं नेहमीचंच. चौकटीचा आणि इंजिनाचा नंबर कागदाशी जुळवून घ्या, प्रत्येक आकडा बोट ठेवून.

भाग मिळतील का

घरी आल्यावर मी एका वहीच्या पानाच्या मध्ये रेघ मारली. डावीकडे असे भाग जे इतर गाड्यांतही लागतात, उजवीकडे फक्त हिलाच लागणारे. ९९९ च्या डाव्या बाजूला बरंच काही आलं: बेल्ट, क्लचच्या प्लेटी, ब्रेकचे पॅड, बेअरिंग, फिल्टर, १२०/७० आणि १९०/५० मापाचे १७ इंची टायर. उजवीकडे फेअरिंग, ते उभे दिवे, मीटर, टाकी, सायलेन्सर.

या पानावरून धोका कुठे आहे ते दिसतं. झिजणारे भाग डावीकडे असतील आणि फुटणारे उजवीकडे, तर गाडी निभते, फक्त पाडायची नाही. झिजणारे भागच उजवीकडे आले तर विचार सोडून द्यावा. याच हिशेबाने एप्रिलियाची एसएल १००० फाल्को ही मला फार शहाणी खरेदी वाटते. तिलाही फारसं कुणी विचारलं नाही, पण तिचं ६० अंशांचं ९९८ सीसी रोटॅक्स इंजिन एप्रिलियाच्याच आरएसव्ही मिले या स्पोर्ट बाईकच्या घरातलं आहे आणि मिलेचे भाग शोधणारे लोक खूप आहेत. टेरब्लांश यांनीच १९९८ मध्ये नवं रूप दिलेली डुकाटी ९०० सुपरस्पोर्टही तशीच. चेहरा लोकांना रुचला नाही, पण आत दोन व्हॉल्व्हचं हवेवर थंड होणारं साधं इंजिन आहे, डुकाटीच्याच मॉन्स्टर या गाडीच्या घराण्यातलं. पहिलीच इटालियन गाडी असेल तर मी ९९९ च्या आधी तिचं नाव घेईन.

भागांइतकाच माणूस महत्त्वाचा. गाडी घेण्याआधी मेकॅनिक पक्का करा, नंतर नाही. काकांना मी विचारलं, "डेस्मोच्या फटी तुम्ही स्वतः मोजाल का?" ते म्हणाले, "मोजीन. पण घाई करायची नाही. दोन दिवस गाडी माझ्याकडे उघडी राहील." असं उत्तर देणारा माणूस सापडला नाही, तर स्वतः शिकायची तयारी हवी, आणि तीही नसेल तर या गाडीला नाही म्हणा. यात मी तडजोड सुचवणार नाही.

अंगाला बसते का

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. ९९९ ची सीट ७८० मिलिमीटरवर, म्हणजे पाय पूर्ण टेकत नाहीत, पण चवडे नीट टेकतात. या गाडीचं एक कौतुक क्वचितच कुणी करतं. एकआसनी आवृत्तीत टाकी आणि सीट मिळून पुढे-मागे २० मिलिमीटर सरकते आणि फुटरेस्ट पाच जागांवर बसवता येतात. ९१६ च्या देखणेपणात ही सोय नव्हती. मी मालकाच्या परवानगीने उभ्या गाडीवर वीस मिनिटं बसून राहिले, हात हँडलवर, नजर समोर. तिसऱ्या मिनिटाला सगळ्यांनाच छान वाटतं. मनगटं पंधराव्या मिनिटाला खरं बोलतात. चालवून बघताना मांडीखाली सायलेन्सरची ऊब किती येते तेही बघा. मंद रहदारीत ती बरीच येते आणि त्यावर उपाय नाही. तुमचं बहुतेक चालवणं थांबत-थांबत होणार असेल तर हे एकच कारण नकार द्यायला पुरेसं आहे.

पैशाचा हिशेब आणि नाही म्हणण्याची वेळ

गाडीची किंमत १०० धरली तर मी आणखी ३५ पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवले. बेल्ट, फटी, सगळी द्रव्यं, टायर, बॅटरी, आणि एक न सांगता येणारं काम. हे १३५ तुमच्याकडे नसतील तर तुम्हाला ती गाडी परवडत नाही, ती १०० ला मिळत असली तरी. अशा वेळी ७५ ची गाडी शोधा, किंवा थांबा.

नावडती गाडी घेताना जी सूट मिळते, ती विकताना पुढच्याला द्यावी लागते हेही धरून चला. म्हणून दोन-तीन वर्षांत विकायच्या बेताने अशी गाडी घेऊ नये. मी स्वतःला विचारलं, ही दहा वर्षं कुणीच विकत घेतली नाही तर चालेल का? मला चाललं असतं. मला तो चेहरा आवडतो, हे सांगायला मी कधी लाजले नाही. उभे दिवे अरुंद असल्यामुळे गाडी समोरून किती सडपातळ दिसते ते एकदा शांतपणे बघा. पण फक्त स्वस्त म्हणून घेत असाल, आणि रोज सकाळी तिच्याकडे बघून मनात ९१६ येणार असेल, तर पैसे साठवून ९१६ च घ्या. तडजोड म्हणून घेतलेल्या गाडीची सर्व्हिस कुणी मनापासून करत नाही.

पहिली गाडी, एक ७४९, मी सोडली ती बेल्टची पावती नव्हती म्हणून नाही. मालकाने एकाच प्रश्नाला दोनदा वेगळं उत्तर दिलं म्हणून सोडली. दुसरी तारांमुळे आणि त्या चावीमुळे. तिसऱ्या गाडीत फोर्कचं एक सील गळत होतं, टायर सात वर्षांचे होते, बेल्ट बदलून पावणेदोन वर्षं झाली होती, आणि रनिंग तिघींत सगळ्यात जास्त, ३८,००० च्या पुढे. पण प्रत्येक सर्व्हिसचा कागद एका जुन्या खाकी पाकिटात तारखेप्रमाणे लावलेला होता, आणि दोन कागदांवर सोळा फटींचे सोळा आकडे हाताने लिहिलेले होते. मी सील, टायर आणि बेल्टचा खर्च जोडून तेवढी किंमत कमी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि बेल्ट सोडून बाकीचं कबूल केलं. मला ते रास्त वाटलं.

गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ती चालवायची नाही, हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर राहवत नाही. बेल्ट दोन्ही बदला, पावती कितीही ताजी असली तरी. इंजिनाचं तेल, कूलंट, ब्रेकचं आणि क्लचचं ऑइल. हवेचा आणि पेट्रोलचा फिल्टर. बॅटरीच्या तारांची टोकं घासून परत घट्ट करा. काकांनी फटी मोजल्या तेव्हा सोळापैकी चौदा जिथल्या तिथे होत्या. दोन शिमा बदलल्या. नवे आकडे मी आधीच्या दोन कागदांखाली तिसऱ्या कागदावर लिहिले आणि तो त्याच खाकी पाकिटात, लाल चावीच्या मागे ठेवला.